आठ खोल्यांचं वायरिंग आणि गरम पाणी : प्रकल्प नोंदी

१९ ऑक्टोबर २०२४

सकाळी सव्वासहाला सहा नंबरच्या खोलीतून आजीबाईंची आरोळी आली. नातीला परवा ताप येऊन गेला होता, म्हणून कोमट पाण्यासाठी लोखंडी बादलीत रॉड लावलेला. पाणी तापलं का ते बघायला पोरीनं बोट घातलं, तेव्हा रॉड चालूच होता. आजीनं आधी प्लग उपटला आणि मग पोरीला धरलं. त्या शाळेत कधी गेलेल्या नाहीत, पण क्रम अगदी बरोबर होता. दोन नंबरमध्ये राहणाऱ्या उपकेंद्राच्या सिस्टरबाईंनी नाडी पाहिली आणि ईसीजी काढून घ्या म्हणाल्या. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीला नेऊन काढला, नीट आला. पोरगी संध्याकाळी अंगणात खेळत होती.

मी एकतीस वर्षं हायस्कूलला विज्ञान शिकवलं. दरवर्षी फळ्यावर तीन पिनांचा प्लग काढायचे आणि वरची पिन जाड नि लांब का असते, ते पोरांकडून वदवून घ्यायचे. आज दुपारी मेन स्विच पाडून सहा नंबरचा बोर्ड उघडला. सॉकेटला तिसरं भोक आहे, पण त्याच्या मागे गळका करंट जमिनीत नेणारी अर्थची तार नाही. नुसतं भोक.

या खोल्या सासऱ्यांनी १९८७ मध्ये बांधल्या. भाडं २००९ पासून मी घेते. म्हणजे पंधरा वर्षं ते रिकामं भोक माझ्या मालकीचं होतं. भाडेकरूला भिंतीच्या आत काय आहे ते दिसत नाही, तो सॉकेट बघतो आणि भरवसा ठेवतो. काम आता हिवाळ्याच्या आत करायचं. ही वही त्यासाठीच.

२१ ऑक्टोबर

वायरमन आला. परवानाधारक आहे आणि माझाच विद्यार्थी, दहावी १९९९ ची बॅच. दिवसभर आम्ही दोघं बोर्ड उघडत होतो.

सगळीकडे ॲल्युमिनियमची वायर, लाकडी पट्टीवर क्लिपा मारून नेलेली. मधे कधीतरी कोणी तांब्याची वायर जोडली आहे, ती नुसती पिळून. तांबं आणि ॲल्युमिनियम असं पिळून जोडलं की जोड सैल पडतो, तापतो, वरची टेप कोळसा होते. असे अकरा जोड सापडले. मेन बोर्डावर किटकॅट फ्यूज (उपसून तार बदलता येते ती जुनी), आणि त्यात फ्यूज वायरीच्या जागी तांब्याच्या तीन तारा एकत्र पिळून घातलेल्या. ती फ्यूज उडणारच नव्हती. आधी भिंतीतली वायर जळली असती.

चार नंबरला तिसऱ्या भोकामागे तार होती, ती पाहून मला बरं वाटलं. वायरमननं ती ओढून दाखवली. कोणीतरी अर्थच्या टोकाला न्यूट्रलच, म्हणजे करंट परत नेणारी तारच, जोडून ठेवलं होतं. "मॅडम, ह्याच्यापरीस काहीच नसतं तं बरं होतं," तो म्हणाला. खरं आहे. अशा बोर्डात न्यूट्रल मागे कुठं तुटलं की इस्त्री, कूलर, फ्रिज, ज्याचं अंग लोखंडाचं ते सगळं २३० व्होल्टवर जाऊन बसतं. चार नंबरचा बोर्ड तिथल्या तिथे बंद केला आणि त्या कुटुंबाला तात्पुरती लाईन माझ्या घरातून दिली.

मेगर, म्हणजे वायरीच्या आवरणाचा रोध मोजायचं यंत्र, लावला, ५०० व्होल्टचा. एक मेगाओमपेक्षा कमी यायला नको. दोन नंबरला ०.३ आलं, सात नंबरला ०.२. टिनाखालच्या लोखंडी अँगलवर वायरी टेकलेल्या आहेत आणि उंदरांनी त्यांचं आवरण कुरतडलंय. पावसाळ्यात टिनाला हात लावला की झिणझिण येते, असं सात नंबरच्या मास्तरांनी मला जुलैमध्ये सांगितलं होतं. मी "ओल असेल" म्हणाले होते.

२४ ऑक्टोबर

संध्याकाळी छपरीत सगळ्यांना बोलावलं. आठ खोल्यांत सात रॉड आणि दोन उघड्या कॉइलचे हीटर निघाले. माझ्या मनात सरळ होतं की उद्यापासून रॉड बंद, नियम म्हणजे नियम.

आजीबाई म्हणाल्या, "मॅडम, रॉड नोका लावू म्हनता, तं पोरीले थंड्या पान्यानं आंघोय घालू काय? चुलीची जागा तं तुमीच बंद केली."

बंद मीच केली होती. २०१५ मध्ये छपरीला नवा रंग दिला आणि भिंती काळ्या होतात म्हणून तिथली चूल काढायला लावली. तोवर सगळे पऱ्हाट्या जाळून गंगाळभर पाणी तापवायचे. शेतात कापूस निघून गेला की पऱ्हाट्या फुकट मिळतात. त्याच हिवाळ्यात खोल्यांत रॉड आले. हे मी आजवर कधी जोडूनच पाहिलं नव्हतं.

म्हणून कामाची आखणी बदलली. आधी फक्त वायरिंग करायचं ठरलं होतं, आता गरम पाणीही त्याच कामात. पाणी न देता रॉड काढून घेतला, तर तो लपवून लावला जाईल, आणि लपवलेला रॉड म्हणजे पलंगाखाली, दाराआड, पोरांच्या वाटेत.

रात्री हिशोब मांडला. वीस लिटरची बादली १८ अंशांवरून ४२ वर न्यायला साधारण ०.५६ युनिट लागतं. दीड हजार वॅटच्या रॉडला बावीस-तेवीस मिनिटं. पण आमच्याकडे पहाटे कृषिपंप चालू असले की व्होल्टेज १८० वर येतं, आणि रॉडची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते. १८० ला तोच रॉड जेमतेम ९२० वॅटचा उरतो, आणि तीच बादली तापायला छत्तीस-सदतीस मिनिटं घेते. एवढा वेळ बादलीपाशी कोण उभं राहणार? बाई डबे करायला आत जाते आणि बादलीपाशी पोर उरतं. कमी व्होल्टेजला धोका कमी, असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात धोक्याचा वेळ लांबतो.

२८ ऑक्टोबर

वसुबारस. अर्थिंगचे दोन खड्डे झाले, एक मेन बोर्डापाशी आणि एक आठ नंबरच्या मागे. अडीच मीटरचा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर विटांचं चौकट आणि झाकण. अर्थ टेस्टरवर ३.८ ओम आलं. काळी जमीन ओल धरते, त्यामुळे आत्ता रीडिंग चांगलंच येणार. हीच जमीन एप्रिल-मेमध्ये हातभर भेगा पडून पाइपापासून सुटते. म्हणून पाइपाला वरून नरसाळं बसवून घेतलं. मार्चपासून दर आठवड्याला दोन बादल्या पाणी त्यात ओतायचं, आणि मेमध्ये पुन्हा मोजायचं.

एक हिशोब वायरमनच्या पोराला कागदावर करून दाखवला, कारण तो म्हणत होता की अर्थिंग झालं म्हणजे झालं. फेज (करंट आणणारी तार) कूलरच्या पत्र्याला लागला तर करंट आपल्या खड्ड्यातून मातीत, मातीतून ट्रान्सफॉर्मरच्या अर्थिंगपर्यंत आणि तिथून न्यूट्रलला जातो. आपले ३.८ आणि तिकडचे समजा चार, मिळून आठेक ओम. २३० भागिले आठ, म्हणजे सुमारे २९ अँपिअर. १६ अँपिअरचा एमसीबी (जादा करंटला आपोआप पडणारा स्विच) २९ ला लगेच पडत नाही, बराच वेळ घेतो. तेवढा वेळ पत्रा जिवंत राहतो. म्हणून आरसीसीबी हवाच. फेजनं गेलेला करंट न्यूट्रलनं तेवढाच परत येतोय का, एवढंच तो पाहतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की ०.३ सेकंदाच्या आत लाईन तोडतो. पोरगा ऐकत होता आणि बाप हसत होता. त्यानं हेच माझ्याकडून पंचवीस वर्षांपूर्वी ऐकलंय.

५ ते ११ नोव्हेंबर

दिवाळीच्या सुट्टीत पाच खोल्या रिकाम्या मिळाल्या, म्हणून मुख्य काम याच आठवड्यात. भिंती फोडल्या नाहीत, केसिंग-कॅपिंग, म्हणजे भिंतीवरून झाकणाची पट्टी, लावलं. लोकं राहत असताना झिरी पाडणं मला पटत नाही, धूळ पोरांच्या छातीत जाते. शिवाय पुढं दुरुस्ती करायची तर पट्टी उघडून वायर दिसते.

दिव्या-पंख्याला दीड चौरस मिलिमीटरची वायर, पॉवर पॉइंटला अडीच, मेनपासून प्रत्येक खोलीपर्यंत चार. सगळी तांब्याची. हिरवी अर्थ वायर प्रत्येक सॉकेटपर्यंत, आणि टिनाच्या अँगललाही एक. कूलरचा पॉइंट खिडकीच्या आतल्या बाजूला, साडेचार फुटांवर, म्हणजे टाकीत पाणी ओतताना उडालेलं सॉकेटपर्यंत पोचत नाही.

गावातल्या दुकानात वायर स्वस्त होती, पण बिंडलावर आयएसआयची खूण असली तरी तार बारीक वाटली. वायरमननं एक मीटर सोलून वजन केलं आणि परत पाठवली. आर्वीहून आणली. गेला अर्धा दिवस.

१४ नोव्हेंबर

प्रत्येक खोलीत छोटा डीबी (या स्विचांची पेटी) : एक आरसीसीबी, दिव्यांना ६ अँपिअरचा एमसीबी, पॉवरला १६ चा. सहा खोल्या पहिल्या झटक्यात चालू झाल्या. सात आणि आठ नंबरचे आरसीसीबी वर राहिनात. खोलीत काही लावलेलं नाही, मेगर शंभर मेगाओमच्या वर दाखवतोय, तरी पडतात. उपकरणच खराब असेल म्हणून बदलून पाहिलं, नवाही पडला. संध्याकाळी सहापर्यंत डोकं चालेना.

कारण सापडलं न्हाणीत. दोन-दोन खोल्यांत एक न्हाणी आहे. सात-आठच्या न्हाणीतला दिवा जुन्याच वायरीवर राहून गेला होता. त्याचा फेज सात नंबरमधून आणि न्यूट्रल आठ नंबरमधून. जुन्या वायरमननं जवळ मिळेल तिथून न्यूट्रल घेतलं, आणि फ्यूजच्या काळात त्यानं काही बिघडलं नाही. आरसीसीबीला मात्र सातमधून गेलेला करंट सातमध्ये परत येताना दिसत नाही, आणि आठमधून न गेलेला आठमध्ये येताना दिसतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते.

चारही न्हाण्या आणि छपरीचे दिवे यांची वेगळी लाईन काढली, वेगळ्या आरसीसीबीवर, माझ्या मीटरवर. जुन्या घरात आरसीसीबी पडतो म्हणून तो काढून टाकणारे मी पाहिलेत. तो पडतोय म्हणजे भिंतीत काहीतरी उसनं घेतलेलं आहे, ते शोधावं.

१९ नोव्हेंबर

उद्या विधानसभेचं मतदान. मास्तर आणि तीन नंबरच्या बाई ड्युटीवर गेले, चाव्या माझ्याकडे. त्यांच्या खोल्यांचे पंखे बसवून घेतले.

२७ नोव्हेंबर

गरम पाण्याचा विचार चार प्रकारे केला.

प्रत्येक न्हाणीत गीझर : दोन हजार वॅटचे चार, पहाटे एकदम लागले तर ३५ अँपिअर. आमच्या सर्व्हिस वायरला आणि पहाटेच्या व्होल्टेजला ते झेपणारं नाही. गॅस गीझर : स्वस्त आणि जलद, पण आमच्या न्हाण्या पाच बाय चार फुटांच्या आहेत, एक झरोका. बंद जागेत ज्योत ऑक्सिजन खाते, मग अपुऱ्या जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आत असलेल्या माणसाला कळायच्या आधी हातपाय गळतात. मी तो पर्याय कागदावरसुद्धा ठेवला नाही. परसात मोठा बंब : आजीबाईंची पसंती. वाईट नाही, पण रोज पहाटे पेटवणार कोण, यावर आठ कुटुंबांत भांडणं होतील.

राहिला सोलर. दुकानदार ५०० लिटरचा घ्या म्हणत होता. टाकीत पाणी ६० अंश धरलं आणि नळाचं १८, तर ४२ अंशांच्या वीस लिटर बादलीत गरम पाणी साडेअकरा लिटर लागतं. ३०० लिटरमध्ये सव्वीस बादल्या झाल्या. आमच्याकडे माणसं एकवीस. ३०० पुरतो. ढगाळ दिवसासाठी टाकीत दोन हजार वॅटचं एकच कॉइल, वेगळ्या एमसीबी-आरसीसीबीवर, त्याची चावी माझ्याकडे.

८ डिसेंबर

सोलर माझ्या घराच्या स्लॅबवर बसला, तोंड दक्षिणेला. आर्वी साधारण २१ अक्षांशावर आहे. नळ्या त्याहून जास्त उभ्या ठेवल्या, पस्तीस अंशांवर, कारण आपल्याला पाणी हिवाळ्यात हवंय आणि तेव्हा सूर्य खाली असतो. थंड पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा वर हवी, म्हणून तिच्याखाली तीन फुटांचा ओटा बांधला.

गरम पाण्याला सीपीव्हीसी पाइप. प्लंबर साधा पीव्हीसी घालत होता, "चालते जी" म्हणाला. चालत नाही, तापला की मऊ पडतो आणि जोड सुटतात. परत काढायला लावला.

आणि वांदरं. आमच्या गावात टिनावर, स्लॅबवर, कुठंही टोळी येते. काचेच्या नळ्यांवर एक मोठा नर बसला की संपलं. दोन इंची चौकटीची वेल्डेड जाळी नळ्यांपासून फूटभर वर अँगलवर उभी केली. थोडं ऊन अडतं, तेवढं सोसायचं.

बोअरचं पाणी जड आहे. बंबाच्या तळाशी जसा पांढरा थर बसतो, तसा नळ्यांतही बसणार. वर्षातून एकदा, पावसाळा संपला की, टाकी पूर्ण रिकामी करून धुवायची. तारीख वहीच्या मागच्या पानावर लिहिली आहे.

२३ डिसेंबर

थंडी पडली. पहाटे सहाला सोलरच्या टाकीत ५४ अंश. पहिल्या तीन न्हाण्यांना लगेच गरम येतं. चौथी न्हाणी लांब आहे. पाइपातलं तीन-साडेतीन लिटर थंड पाणी आधी येतं, आणि पहिल्या दिवशी लोकांनी ते नालीत सोडलं. आता तिथं एक बादली ठेवली आहे, ते पाणी भांड्यांना जातं. पाइपाला फोमचं आवरण घातलं. त्यानं आदल्या रात्रीचं पाणी गरम राहत नाही, पण लागोपाठ न्हाणाऱ्यांना फरक पडतो.

रात्री आठ नंबरमध्ये गेले. जिनिंगवर, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या गिरणीत, काम करणारी तिघं पोरं तिथं राहतात. दार घट्ट लावून आत शेगडीत कोळसे पेटवलेले, टिनाखालच्या फटीत चिंध्या कोंबलेल्या. तिथल्या तिथे शेगडी बाहेर काढली आणि दार उघडलं. एकाचं डोकं दुखत होतं, त्याला वाटलं थंडीनं. गॅस गीझरबद्दल मी जे लिहिलं तेच इथं होतं, आणि मला सुचलं नव्हतं. पाणी गरम केलं, पण खोली गारच राहिली होती.

पोरांना रागावून उपयोग नाही, टिनाची खोली रात्री दोनला बर्फ होते. आठही खोल्यांत टिनाखाली बांबूच्या तट्ट्यांचं छत करून घेते. वायरी त्यापासून वेगळ्या, भिंतीवरूनच आहेत. शेगडी छपरीत पेटवायची, झोपताना आत न्यायची नाही. छपरीच्या भिंती काळ्या होऊ देत.

१४ जानेवारी २०२५

संक्रांत. तिळगूळ द्यायला आलेल्या आजीबाईंनी पदराखालून रॉड काढून माझ्या हातात दिला. आतापर्यंत सातातले सहा आले. मी मागितलेले नाहीत. सातवा तीन नंबरच्या बाईंकडे आहे. "ढगाळ दिवसासाठी राहू द्या" म्हणतात. राहू दे. प्लास्टिकची बादली आणि आरसीसीबी आहे, आणि स्विच बंद करून प्लग काढल्याशिवाय हात घालायचा नाही हे दाराच्या आतून चिकटवलं आहे.

हिशोब : वायर, केसिंग, बोर्ड ५८,४००. डीबी आणि आतलं सामान २१,६००. मजुरी ३४,०००. अर्थिंग ७,२००. सोलर ४६,५००. पाइप आणि प्लंबर १५,३००. जाळी २,८००. एकूण १,८५,८०० रुपये. तट्टे वेगळे, ते अजून लागायचे आहेत. भाडं खोलीला १,८०० प्रमाणे वर्षाचं १,७२,८०० येतं, म्हणजे वर्षभराच्या भाड्यापेक्षा तेरा हजार जास्त गेले. यंदाच्या करारात भाडं वाढवणार नाही. सोळा वर्षं भाडं घेऊन भिंतीत काही घातलं नव्हतं, ते आता घातलं.

२० फेब्रुवारी

आठही खोल्यांना वेगळे मीटर लागले, परवानाधारकाच्या टेस्ट रिपोर्टसह. आतापर्यंत सगळ्यांचे युनिट माझ्या एका मीटरवर पडून ५०० च्या वरच्या स्लॅबमध्ये जायचे आणि मी ते सब-मीटरप्रमाणे वाटायचे. म्हणजे पंखा आणि दोन दिवे वापरणाऱ्यालाही महाग युनिट. आता बहुतेक जण शंभरच्या आतल्या स्लॅबमध्ये राहतील. स्थिर आकार प्रत्येकाला वेगळा पडेल, हे आधीच सांगितलं होतं.

२३ मार्च

कूलर बाहेर निघाले. वायरमननं पाच कूलरच्या दोन पिनांच्या वायरी काढून तीन तारांच्या घातल्या, तिसरी थेट पत्र्याला, रंग खरवडून नटाखाली. एक आणि तीन नंबरचे कूलर अजून गावाहून यायचे आहेत, आठ नंबरची पोरं कूलर वापरत नाहीत. अर्थिंगच्या खड्ड्यांत पाणी सुरू केलं.

९ एप्रिल

रात्री दोन चाळीसला पाच नंबरमधून फोन. "काकू, फक्त आमचीच लाईन गेली." आरसीसीबी पडलेला. सगळे प्लग काढले, वर केला, राहिला. एकेक लावत गेलो. कूलरचा प्लग घातला की पडतो. पंप वेगळा केल्यावर कूलर चालला.

सकाळी पंप पाहिला. पाण्यात बुडणारी त्याची वायर टाकीच्या कडेवर घासून सोलली होती आणि तांबं पत्र्याला लागत होतं. पोराचा पलंग कूलरपासून हातभर आहे, झोपेत त्याचे पाय पत्र्याला लागतात, असं त्याची आई म्हणाली. गेले तीन उन्हाळे हा कूलर थोडा झिणझिणायचा, म्हणून ते चपला घालून पाणी भरायचे. रात्री कोणी हात लावायच्या आधीच लाईन तुटली, कारण पत्र्याला तिसरी तार होती. ती नसती तर आरसीसीबी वाट पाहत बसला असता, कोणाचा पाय लागेपर्यंत.

नवा पंप ३५० रुपयांना आणला, वायर टाकीच्या कडेवर रबरी नळीतून घातली. एक आणि तीन नंबरचे कूलर काल रात्री आले आहेत, दोघांनाही दोन पिनांचे प्लग. वायरमन रविवारी येतो म्हणत होता, त्याला आज संध्याकाळी बोलावलं आहे. तोवर दोन्ही प्लग काढून माझ्याकडे ठेवले आहेत आणि माझ्या घरातले दोन टेबल पंखे त्या खोल्यांत दिले आहेत.